हजेरीची वही

आम्हा मास्तर लोकांच्या आयुष्यात हजेरी ही मोठी कंटाळवाणी वस्तू आहे. तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. त्यातली सात-आठ मिनिटे नावे पुकारण्यात जातात, आणि तेवढ्या वेळात ज्ञानेश्वरांपासून मर्ढेकरांपर्यंत सगळे बिचारे टेबलावर तिष्ठत बसतात. पण विद्यापीठाचा नियम आहे, हजेरी अमुक टक्के भरली नाही तर मुलाला परीक्षेला बसता येत नाही. म्हणून मीही गेली अठरा वर्षे इमाने-इतबारे 'हजर', 'गैरहजर' अशा खुणा करीत आलो आहे. त्या खुणांकडे पुन्हा वळून पाहावे असे मला कधी वाटले नव्हते.

तीनएक वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मुलगा होता. मागच्या बाकावर बसे, फारसा बोलत नसे, पण उत्तरपत्रिका अशी लिही की वाचताना पेन खाली ठेवावे. त्याचे घर म्हणजे आमच्या टेंभुर्णीच्या बाहेर, माळावरची पारध्यांची पालं. हा मुलगा पावसाळ्यानंतर एकाएकी यायचा बंद झाला. एक आठवडा गेला, दोन गेले, मी खुणा करीत राहिलो. सव्वा महिन्याने तो कार्यालयासमोर उभा दिसला. मी आवाजात असावा तेवढा रागीटपणा आणून विचारले, "काय रे, इतके दिवस कुठे होतास? हजेरीचे काय?"

तो म्हणाला, "सर, हजेरी दुसरीकडं होती."

मला आधी उमगलेच नाही. मग त्याने खाली बघत सांगितले. वडिलांना चौकशीला नेले होते. दोन दिवसांनी सोडले, पण रोज येऊन जा असे सांगितले. वडिलांना एकट्याने जायची धास्ती, म्हणून हा सोबत जाई आणि दिवसभर बाहेर लिंबाखाली बसून राही. शेवटी काहीच निघाले नाही.

वाचकहो, येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती केल्याखेरीज पुढचे लिहिण्यात अर्थ नाही.

टेंभुर्णी हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे नाक्याचे गाव. इकडून कुर्डुवाडी, तिकडून पंढरपूर, अकलूज, करमाळा. दिवसरात्र वाहनांची रीघ आणि हमरस्त्याला लागूनच आमची घरे. त्या पावसाळ्यात आमच्या वसाहतीत चोऱ्यांचे सत्रच सुरू झाले. आज कोणाच्या मोटारसायकलमधले पेट्रोल गेले, उद्या कोणाची गॅसची टाकी, परवा बोअरची केबलच कापून नेली. आमच्या सौभाग्यवतींची मागच्या दारची तांब्याची घागर गेली. ती त्यांच्या माहेरची होती, त्यामुळे ते प्रकरण इतर सर्व चोऱ्यांहून गंभीर ठरले. सभा भरली. चहा झाला. कोणीतरी म्हणाले, "यात शोधायचे काय आहे? माळावर पालं आहेत ना?" आणि आश्चर्य असे, की त्यावर एकही प्रश्न निघाला नाही. अर्ज द्यायचे ठरले. अर्ज लिहायला मराठीचा प्राध्यापक घरचाच होता.

त्या अर्जात 'संशयास्पद इसमांची वस्ती' असे शब्द आहेत. ते माझे आहेत. वाक्यरचना निर्दोष होती. तेव्हा मला तिचा थोडा अभिमानही वाटला होता. अर्ज गेला आणि पुढच्या आठवड्यात मागच्या बाकावरची जागा रिकामी पडली. आणि त्याच दिवसांत, दैवाचा खेळ बघा, मी वर्गात लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' शिकवीत होतो. 1988 साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळालेले पुस्तक, जन्माने चोर ठरविलेल्या जातीत वाढलेल्या माणसाने लिहिलेले. मी मोठ्या कळकळीने बोलत असे. वर्गही मन लावून ऐके.

त्या मुलाचे ते 'दुसरीकडं' माझ्या डोक्यातून जाईना. दिवाळीच्या सुट्टीत काही कामाने सोलापुरास गेलो होतो. काम लवकर आटोपले, तसा रिक्षावाल्याला म्हणालो, सेटलमेंटकडे घे. सोलापुरात हा पत्ता आजही असाच सांगतात. 'सेटलमेंट फ्री कॉलनी, नंबर अमुक.' टपाल येते, रेशनकार्डावर असते, लग्नपत्रिकेवरही असते. साधी बैठी घरे, कुठे मजला चढवलेला, ओट्यावर म्हाताऱ्या, गल्लीत क्रिकेट. आपल्या चार गल्ल्यांसारख्याच गल्ल्या. पण 'फ्री' हा शब्द मराठी पत्त्यात कोठून आला हे विचारू लागले, की शंभर वर्षांमागे जावे लागते.

इंग्रज सरकारने 1871 साली एक कायदा केला, गुन्हेगार जमातींचा. चोरी करणाऱ्याला शिक्षा देणारे कायदे आधीच होते. हा निराळा. यात सरकारने एखाद्या जमातीचे नाव एकदा पुकारले, की त्या जमातीत जन्मलेला प्रत्येक जीव नोंदवहीत जायचा. आणि ते पुकारणे योग्य की अयोग्य, हे विचारण्याची मुभा कोर्टालाही नव्हती. आरंभी हा कायदा उत्तरेकडे लागू होता. 1911 साली तो सुधारून आपल्या मुंबई इलाख्यातही आला, 1924 साली पुन्हा घट्ट केला. नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घ्यायचे. ठरल्या वेळी त्याने हजेरी द्यायची. गाव सोडायचे तर परवाना. संशयास्पद स्थितीत सापडला, म्हणजे नुसता नको त्या जागी नको त्या वेळी सापडला, तरी तीन वर्षांपर्यंत कैद. आणि वाटले तर सबंध जमातच उचलून एका कुंपणात आणून ठेवायची आणि मुलांना आईबापांपासून वेगळे काढून दुसरीकडे वाढवायचे. ही कुंपणातली वस्ती म्हणजे सेटलमेंट.

मुंबई इलाख्यात या कामाचे मुख्य अधिकारी स्टार्ट नावाचे आय.सी.एस. गृहस्थ होते. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरच का, याचे उत्तर आकाशात दिसत असे. गिरण्यांची धुराडी. जुनी गिरणी 1877 सालची. तिच्यामागून आणखी निघाल्या आणि गिरण्यांना हात हवे होते. कैकाडी, टकारी, कंजारभाट, पारधी, मांग-गारुडी अशा कितीतरी जमातींची माणसे येथे तारेच्या कुंपणाआड आली. सकाळी हजेरी देऊन गिरणीत जायचे, सुटल्यावर हजेरीला परत यायचे. ज्याची वर्तणूक पुष्कळ दिवस चांगली ठरली, त्याला कुंपणाबाहेर जागा मिळे. ती फ्री कॉलनी. मिशनऱ्यांनी चालविलेल्या एका वसाहतीला 'उमेदपूर' असे नाव दिले होते. नाव देणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. स्टार्टसाहेबांचेही तसेच म्हणावे लागेल. पुढे 1928 साली अस्पृश्य आणि आदिवासी वर्गांची स्थिती तपासायला जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष हेच होते आणि डॉ. आंबेडकर तिचे सभासद होते. या वसाहतींत शाळा होत्या, दवाखाने होते, कामधंदा होता. तेव्हा सगळेच राक्षस होते असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. भल्या माणसांच्या हातातही वही चुकीची असली, म्हणजे काय होते ते येथे दिसते.

ती वही कशाची होती? नावांची. कोणाचा बाप कोण, कोणती जमात, अंगावर खूण काय, ठसा कोणता. गुन्हा कोठे घडला, किती वाजता घडला, दार उघडे होते की बंद, तेथे पहारा होता की नव्हता, हे तिच्यात मुख्य नव्हते. गुन्हा घडला की वही उघडायची आणि एक नाव काढायचे. आणि अशा वहीची गंमत अशी, की ती स्वतःला खरी ठरवीत जाते. ज्या वस्तीवर रोज झडती, त्या वस्तीत काही ना काही सापडणारच. आमच्या वसाहतीवर रोज झडती घातली तर वीजचोरीची दोन-तीन प्रकरणे सहज निघतील, नावे मी सांगत नाही. सापडले की पुन्हा नोंद, आणि नोंद आहे म्हणून पुन्हा झडती.

स्वातंत्र्यानंतर 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर संपला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. 1960 साली पंडित नेहरू सोलापुरात आले आणि त्यांच्या हस्ते तारेचे कुंपण तुटले, असे सोलापुरात आजही सांगतात. महाराष्ट्र सरकारच्या यादीत चौदा विमुक्त जाती आहेत. पारधी मंडळी पुढे अनुसूचित जमातींत धरली गेली. पण 'सराईत गुन्हेगार' ठरविण्याचे कायदे मागच्या दाराने आलेच, आणि ठाण्यांतल्या जुन्या वह्यांची सवय सुटली नाही. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना सांगावे लागले, की मागास आणि विमुक्त जातीचा आहे एवढ्याच कारणाने कोणाचे नाव पोलिसांच्या इतिहासपत्रकात यांत्रिकपणे चढवू नका. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला, तुरुंगांच्या नियमावल्यांत जात पाहून काम वाटून देणारी आणि विमुक्तांना जन्मजात सराईत धरणारी कलमे न्यायालयाने रद्द केली. म्हणजे 1952 साली मिटलेली वही 2024 सालीही कोठेतरी उघडीच होती. माझ्या अर्जाच्या रूपाने ती आमच्या वसाहतीतही होती.

आता कोणी म्हणेल, "सर, हे सगळे खरे, पण घागर गेली त्याचे काय?" आमच्या घरी हा प्रश्न याच शब्दांत विचारला गेला. आणि प्रश्न रास्त आहे. चोरी ही काही कवीची कल्पना नव्हे. गरिबाच्या वस्तीत तर ती अधिक बोचते, कारण तेथे विमा नसतो आणि दुसरी घागरही नसते. तेव्हा नोंदी ठेवूच नयेत हे उत्तर होत नाही. नोंद कशाची ठेवायची, एवढाच वाद आहे.

याबाबत परदेशातल्या दोन-तीन हकिकती वाचण्यात आल्या. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात सरकारने बांधलेल्या दोन वसाहती समोरासमोर आहेत, ब्राउन्सव्हिल आणि व्हॅन डाइक. रस्ता ओलांडला की एकीतून दुसरीत. राहणारे लोक तसेच, मिळकत तशीच, दाटीही जवळजवळ तेवढीच. फरक एवढाच, की पहिली तीन ते सहा मजल्यांची, आणि दुसरीत चौदा मजली उंच मनोरे. ऑस्कर न्यूमन नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने 1972 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात वसाहतींच्या पोलिसांचे आकडे मांडून दाखविले, की मनोऱ्यांच्या वसाहतीत गुन्हे सुमारे दीडपट, आणि वाटमाऱ्या तर जवळजवळ चौपट होत्या. का? लिफ्ट, आडवे बोळ, आतले जिने यांच्यावर कोणाच्याच खिडकीची नजर पडत नाही. बैठ्या वसाहतीत जिन्याशी चार दारे, चार आया, आणि 'कोण रे तू?' असे विचारायला चार तोंडे. आपल्या जुन्या चाळीच्या सामाईक गॅलरीत वाढलेल्या माणसाला हे सांगायला अमेरिकेचा पंडित लागत नाही! न्यूमनसाहेबांवर पुढे टीकाही झाली. सगळा दोष भिंतींवर टाकता येत नाही, बेकारी आणि पडक्या दुरुस्त्यांचेही काही आहे, असे लोक म्हणाले, आणि ते बरोबरच आहे. पण त्यांनी केलेली एक गोष्ट मला फार आवडली. प्रश्न 'कोण?' हा होता, तो त्यांनी 'कोठे?' असा केला.

त्याच न्यूयॉर्कमध्ये 2016 साली आणखी एक प्रयोग झाला. सरकारी वसाहतींपैकी काही चिठ्ठ्या टाकून निवडाव्या तशा निवडल्या, तेथे रात्री मोठे दिवे लावले, आणि बाकीच्यांशी तुलना केली. दिव्यांच्या वसाहतींत रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे छत्तीस टक्क्यांनी कमी झाले.

दुसरी हकिकत वेल्समधल्या कार्डिफ शहराची. जोनाथन शेफर्ड हे जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. शनिवारी रात्री फुटलेले जबडे शिवता शिवता त्यांच्या ध्यानात आले, की मारहाणीत जखमी होऊन इस्पितळात येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांची प्रकरणे पोलिसांच्या दफ्तरी नसतातच. मग त्यांनी इस्पितळाच्या खिडकीवरच्या कारकुनांना तीन-चार गोष्टी विचारून लिहून ठेवायला लावल्या. मारहाण कोणत्या जागी झाली, केव्हा झाली, कशाने मारले. जखमीचे नाव काढून टाकायचे आणि उरलेला कागद पोलीस आणि नगरपालिका यांच्यासमोर ठेवायचा. त्यावरून कोणत्या गुत्त्याबाहेर किती वाजता पोलीस उभे करायचे, कोठे काचेचे पेले बंद करायचे, कोणता रस्ता रात्री वाहनांना बंद ठेवायचा, हे ठरू लागले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आकडे आहेत. मारहाणीमुळे इस्पितळात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण कार्डिफमध्ये महिन्याला लाखामागे 7 वरून 5 वर आले. तशाच इतर शहरांत ते त्याच काळात 5 वरून 8 वर चढले. नाव काढून टाकायचे, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

उलट वाटेने जाणारेही आहेत. शिकागोच्या पोलिसांनी 2013 च्या सुमारास यंत्राकडून माणसांची यादी करविली, कोण पुढे गोळीबारात सापडेल याचे गुण देणारी. काही वर्षांनी ती बंद करावी लागली. यंत्र नवे होते, पण वही आपल्या सोलापूरचीच.

आता पुन्हा आमच्या वसाहतीत येऊ. आमच्याकडे एक अण्णा आहेत. एस.टी.मध्ये कंट्रोलर होते, आता निवृत्त. उभा जन्म गाड्यांच्या वेळा लिहिण्यात गेल्यामुळे हात रिकामा राहत नाही. सोलापुराहून आल्यावर मी एका संध्याकाळी सगळे त्यांच्या कानावर घातले. अर्जाचेही सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जाडजूड वही आणली, पट्टीने रेघा मारल्या. तारीख. वेळ, नक्की नसेल तर 'इतके ते इतके'. जागा. काय गेले. दिवा होता का. दार-फाटक कसे होते. मागच्या चोऱ्याही घरोघर जाऊन विचारून लिहिल्या. आमच्या घरी घागरीची नोंद करायला आले, तेव्हा त्यांना दोन वेळा चहा मिळाला.

दोन-तीन महिन्यांत वही बोलू लागली. बहुतेक सगळ्या चोऱ्या मागच्या अंगाला, हमरस्त्याच्या बाजूच्या बोळालगत. कुंपणाच्या भिंतीला एक भगदाड होते. आमच्याच मुलांनी शाळेत लवकर जाता यावे म्हणून पाडलेले. बोळाच्या तोंडाशी खांब होता, त्यावर दिवा नव्हता. आणि बोळापलीकडे मोकळ्या पटांगणात रात्री लांबच्या गाड्या थांबत. पालं होती दुसऱ्या टोकाला, माळावर. तिथून आमच्याकडे यायचे तर उजेडातून, दोन दुकाने आणि एक चहाची टपरी ओलांडून यावे लागते. हे आम्ही सर्वांनी रोज पाहिलेले होते.

भगदाड बुजविले. त्यासाठी मुलांची समजूत काढावी लागली. दिव्यासाठी मात्र सहा महिने गेले. चोऱ्या पुष्कळच थांबल्या, अगदीच बंद झाल्या असे म्हणणार नाही. गेल्या उन्हाळ्यात एक सायकल गेली. चोर कोण होता, हे आजतागायत कोणाला कळलेले नाही. घागरही मिळाली नाही.

हे एवढे लिहिण्याचे कारण सोलापूरजवळच्या कुंभारीत आहे. तेथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत 2006 साली झाली. त्याच कुंभारीला असंघटित कामगारांसाठी रे नगर नावाची तीस हजार घरांची वसाहत उभारायचे ठरले, आणि त्यांपैकी पहिल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या पंतप्रधानांच्या हस्ते 19 जानेवारी 2024 रोजी दिल्या गेल्या. यंत्रमागावरची, विड्यांची, शिलाईची माणसे. आयुष्यात प्रथमच स्वतःचे कुलूप घेणारी. एवढे मोठे गाव एका दमात वसते तेव्हा सायकली जाणार, भांडणे होणार, अंधाऱ्या रस्त्याने कामावरून येणाऱ्या बायकांना भीती वाटणार. आणि मग कोणीतरी वही काढणारच. तिच्यात पहिला रकाना कोणता असेल? 'कोणत्या खांबावर दिवा नाही' हा, की 'कोणत्या गल्लीत कोणती माणसे राहतात' हा? सोलापूरने शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्या प्रकारची वही भरून पाहिलेली आहे. तिचे पत्ते अजून टपालात येतात.

जागेची वही म्हणजे निर्दोष, असेही मी समजत नाही. एखाद्या गल्लीपुढे नोंदी साठत गेल्या, की गल्लीचेच नाव वाईट होते आणि तेथल्या मुलीला स्थळ येताना विचार होतो. शिवाय जो तक्रार द्यायला घाबरतो, त्याची चोरी वहीत येतच नाही. अण्णांनी घरोघर विचारले, पण माळावर कोणी विचारायला गेले नव्हते. पुढे मी गेलो. त्यांच्या दोन शेळ्या त्याच पावसाळ्यात चोरीला गेल्या होत्या. त्यांनी कोणाकडेही अर्ज केला नव्हता. अण्णांच्या वहीत त्या दोन शेळ्या आता आहेत, तारीख अंदाजे.

तो मुलगा बी.ए. झाला. मी त्याच्या गैरहजेरीसाठी प्राचार्यांकडे रदबदली केली होती, तेव्हा त्याने माझे आभार मानले. अर्ज मी लिहिला होता हे त्याला तेव्हा सांगितले नाही. हा अंक हाती पडेल तेव्हा त्याला कळेल.

मागच्या महिन्यात वसाहतीची सभा झाली. वही भरली होती, नवी आणायची होती. एका उत्साही गृहस्थांनी सुचविले, की नव्या वहीत आणखी एक रकाना असावा, 'संशय कोणावर'. अण्णांनी चष्मा पुसला, पट्टी कागदावर ठेवून मापून पाहिले, आणि म्हणाले, "जागा बसत नाही." मग त्यांनी शेजाऱ्यांना विचारले, "तुमच्या कोपऱ्यावरच्या खांबाचा नंबर काय हो? त्याचा दिवा परवापासून गेलाय. सर, अर्ज लिहायला घ्या."

मी लिहायला घेतला.